उजव्या हाताची पेटी

नज्लत बाखूम, जि. मिन्या
तूत महिन्याची १८ (तुमच्या शहरात २८ सप्टेंबर १९८५)

चि. लबीब यास,

अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावात सलाम. वि. वि. इकडे सर्व क्षेम. तिकडचं तू कळवत नाहीस, तेव्हा तिकडेही क्षेमच असणार असं धरून मी चालले आहे.

खजुराची करंडी रेल्वेने पाठवली आहे. वरचे चांगले आहेत, खालचे त्याहून चांगले आहेत. मागच्या वेळी तू वरचे खाल्लेस आणि खालचे ट्रामच्या डेपोत वाटलेस, तसं करू नकोस.

मुख्य बातमी अशी की मागच्या महिन्यात चर्चमध्ये मिन्याहून एक तरुण उपदेशक आले होते. चष्मेवाले, कोवळे, सारखे घाम पुसत होते. ते म्हणाले की तारणाचा निरोप जगातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, आणि ते काम एकट्या पाद्र्याचं नाही, आपल्या प्रत्येकाचं आहे. मला हे इतकं तोंडावर आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दुपारचं जेवण गेलं नाही. एकसष्ट वर्षं झाली मला, आणि शेवटचा माणूस राहू दे, मी मिन्याच्या पलीकडच्या माणसापर्यंतही पोचलेली नाही.

म्हणून गुडघा दाखवायला मिन्याला निघाले तेव्हा गाडीतल्या तिकीट तपासनिसापासूनच सुरुवात केली. तो तिकीट मागायला वाकला, तर मी त्याला विचारलं की बाबा, तुझ्या आत्म्याचं तिकीट कुठं आहे. तो घाबरून शेजारी बसलाच. त्याची बाही वर सरकली तर मनगटावर क्रॉस गोंदलेला, म्हणजे आपलाच निघाला, आणि तीन वर्षं चर्चची पायरी चढलेला नाही. दोन स्टेशनं मी त्याला सोडला नाही. उतरल्यावर लक्षात आलं की तिकीट मी काढलंच नव्हतं.

पण या गुडघ्यानिशी मी जग कुठं पालथं घालणार? मग युक्ती सुचली. आपल्याला जाता येत नसेल तर निदान नाव वर पाठवावं, पुढचं देव बघून घेईल. वेदीच्या दाराशी दोन पेट्या असतात त्या तुला आठवतात ना, उजवीकडे जिवंतांची आणि डावीकडे मेलेल्यांची. चिठ्ठीवर नाव लिहून टाकायचं आणि आपले पाद्री अबूना सिधोम ते उपासनेत वाचतात. मी वदीअ मास्तरांकडून शाळेचा जुना नकाशा मागून आणला आणि लिहायला बसले. सयामचे लोक, पर्शियाचे लोक, नॉर्वेचे लोक (थंडीत असतात बिचारे). मग आपलं गाव घेतलं, घरवार. शेजारच्या हाजी मुतवल्लींना कळलं तेव्हा त्यांनी कुंपणावरून सांगितलं की आमची म्हैस दूध देत नाही, तिलाही घाला. तिलाही घातली. एकूण दोनशे चौदा नावं झाली.

अबूना आता कानाने कमी झालेत, त्यामुळे मनातल्या मनात वाचायची नावंही कालव्यापलीकडे ऐकू जातात. रविवारची उपासना दीड वाजता सुटली. सगळे उपाशीपोटी, आणि घराघरांत चुलीवरची उसळ करपली.  पुढच्या वेळी चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या जादल्लाहने मला येताना पाहून पेटीवर फडकं टाकलं.

तुझ्या मांजरीला, खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याला आणि डेपोतल्या सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग. त्यांचीही नावं घातली आहेत. लोभ आहेच, तो अधूनमधून कागदावरही दिसू दे.

तुझी अक्का,
इन्साफ


अलेक्झांड्रिया
५ ऑक्टोबर १९८५

ती. अक्कास,

आदरपूर्वक सलाम. वि. वि. खजूर पोचले. या वेळी खालून खायला सुरुवात केली आहे.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. सयामपर्यंत आम्ही खूप हसलो. मग तू मांजरीला आशीर्वाद दिलास, न्हाव्याला दिलास, आणि पत्र संपलं. मतिल्दा उठून मांजरीला दूध घालून आली.

अक्का, आता थट्टा पुरे. मतिल्दाच्या पोटात उन्हाळ्यापासून कळा येत होत्या. डॉक्टरांनी फोटो काढला. पित्ताशयात खडे आहेत, कापून काढावे लागतील. तशी रोजची शस्त्रक्रिया आहे म्हणतात, पण हिची साखर वाढलेली, हृदयही जरा नाजूक, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की प्रार्थना करणारं कुणी असेल तर त्यांना कळवा. डॉक्टरच असं बोलायला लागले, तेव्हा मी तारीख दोनदा विचारून घेतली. मंगळवार, २९ ऑक्टोबर ही तारीख दिली आहे.

मतिल्दाची एकच इच्छा आहे. तिचं नाव आपल्या गावच्या वेदीवर जावं, आणि ते तू लिहावंस. इथल्या चर्चमध्ये मी घालतोच आहे, पण तिला ते पुरत नाही. वन्संनी हाजींची म्हैस घातली तर मलाही घालतील, असं ती म्हणाली. हे ती हसून म्हणाली, पण मी तिला चौदा वर्षं ओळखतो.

मडक्याचं मी विसरलेलो नाही. आईच्या हातचं मिश, आपल्या आजीपासून चालत आलेलं ते खारं जुनं चीज, त्याचं भरलं मडकं लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा आलो त्याच सकाळी कालव्यात गेलं. तेव्हापासून तू तिच्याशी बोलली नाहीस आणि तिचं नाव लिहिलं नाहीस. पण आता तरी लिही.

लोभ कर, आणि या वेळी जरा सढळ हाताने कर.

तुझा,
लबीब


नज्लत बाखूम
बाबा महिन्याची २ (१२ ऑक्टोबर)

चि. लबीब यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. इकडे थंडी पडायला लागली आहे. कोंबड्या बऱ्या आहेत.

इकडे मोठा अन्याय झाला आहे. अबूनांनी नियम काढला की यापुढे एका घराची पाचच नावं. हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि सांगताना खांबाकडे पाहिलं, पण खांबाशी मीच बसलेली असते. मी नंतर आत जाऊन म्हटलं की तारण सगळ्यांसाठी आहे असं तुम्हीच शिकवता, मग पाचावर कसं थांबता. ते म्हणाले की तारण सगळ्यांसाठी आहे पण उपासना दहाला संपली पाहिजे. मी म्हटलं, आमचा प्रभू तीन तास क्रुसावर होता. ते म्हणाले की तेवढ्यात झालं असतं तर माझी तक्रारच नव्हती.

तर पाचात जग कसं बसवायचं यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी अशी चिठ्ठी केली: आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका, आणि हाजी मुतवल्लींची म्हैस. ऑस्ट्रेलिया राहिला. पण म्हशीबद्दल मी शब्द दिला होता. ती आता दोन शेर दूध देते. हाजींची बायको फहीमा स्वतः लोटी घेऊन आली आणि म्हणाली की असंच चालू ठेवा.

वदीअ मास्तरांनी नकाशा परत मागितला. त्यांचं म्हणणं, सयाम आता सयाम राहिलेला नाही. मग माझ्या प्रार्थना कुठं गेल्या ते त्यांना सांगता येईना.

तू जे लिहिलंस ते मी वाचलं. दोनदा वाचलं. लबीब, मी तुला खोटं कशाला सांगू. मी पेन घेते, मी लिहायला जाते, आणि हात थांबतो. मला त्या मडक्याचं तोंड दिसतं. आईने जाताना माझ्या हातात दुसरं काही दिलं नव्हतं, ना बांगडी ना जमीन. मडकं दिलं आणि म्हणाली की हे मरू देऊ नकोस. मी आठवडाभर बाहेर होते का? अंगणात होते, भाकरी भाजत होते, आणि एवढ्यात शहरातल्या मुलीने ते कुजलंय म्हणून ओतून टाकलं. मला नको सांगूस की क्षमा करावी. ते मी लोकांना सांगत फिरते, मला पाठ आहे.

तिची साखर कमी व्हावी म्हणून मेथी उकळून द्यावी. हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

लोभ असू दे, आग्रह नको.

तुझी अक्का,
इन्साफ


अलेक्झांड्रिया
१९ ऑक्टोबर १९८५

ती. अक्कास,

आदरपूर्वक सलाम. वि. वि. मेथी दिली. कुणी सांगितली म्हणून तिने विचारलं, मी न्हाव्याचं नाव घेतलं. तिने न्हाव्याला निरोप धाडला की वन्संना माझा सलाम सांगा. तेव्हा माझी अक्कल किती चालते ते तुला कळलं असेल.

तुझी पाच नावं तिला वाचून दाखवली. मी म्हटलं, बघ, आफ्रिका लिहिली आहे, म्हणजे तू त्यात आलीसच. ती म्हणाली, तुमच्या अक्कांना मी ओळखते, आफ्रिका लिहिताना त्यांनी आमच्या घराला वळसा घातला असणार. ऑस्ट्रेलियाची मात्र तिला फार काळजी वाटते. आपल्यासारखंच कुणीतरी बाहेर राहिलं म्हणून.

अक्का, दहा दिवस उरलेत. ती कपाटं आवरते आहे. मला माझे मोजे कुठं असतात ते दाखवून ठेवते आहे. शिऱ्यात साखर किती घालायची ते तिने भिंतीवर लिहिलं आहे. मी डेपोत जाऊन नुसता बसतो, लोक तिकिटांच्या गड्ड्या मागतात आणि मी त्यांना चावी देतो. मला हात जोडायला लावू नकोस. एक नाव आहे. तीन अक्षरांचं आहे. म्हशीनंतर लिही, हवं तर.

मडक्याच्या बाबतीत मलाही थोडं बोलायचं होतं, पण शाई संपत आली आहे.

माझ्यावरचा लोभ थोडा तिच्याकडे वळव, मला कमी पडला तरी चालेल.

तुझा,
लबीब


अलेक्झांड्रिया
३१ ऑक्टोबर १९८५

ती. अक्कास,

सलाम. वि. वि. घाईत लिहितो. शस्त्रक्रिया पार पडली. मतिल्दा सुखरूप आहे. एकोणीस खडे निघाले. ते तिने मुरंब्याच्या बरणीत घालून उशाशी ठेवलेत आणि भेटायला येणाऱ्याला मोजायला लावते. काल माझ्या साहेबांनी अठरा मोजले, तर त्यांना परत मोजायला लावले. यावरून ती कशी आहे ते तुला कळेल.

तू नाव लिहिलंस की नाही ते मी विचारत नाही. तीही विचारत नाही. फक्त शुद्धीवर आल्यावर पहिलं तिने विचारलं की गावाकडून पत्र आलं का.

दोन आठवडे दवाखान्यातच राहावं लागेल. इथलं टपाल गोगलगायीच्या पाठीवरून जातं, तेव्हा हे तुला कधी मिळेल देव जाणे.

लोभ राहू दे.

लबीब


नज्लत बाखूम
बाबा २४, रविवार (३ नोव्हेंबर)

चि. लबीब,

माझ्या लेकरा, काय लिहू.  सकाळपासून घर बायकांनी भरलंय, सगळ्या काळ्या कपड्यांत. फहीमा आमच्या चुलीवर बिनसाखरेची कॉफी करते आहे. मी आतल्या खोलीत येऊन हे लिहिते आहे.

मी तुला सगळं सांगणार आहे आणि तू मला क्षमा केली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. मंगळवार गेला. बुधवार गेला. तुझं पत्र नाही. मी रोज टपालवाल्याच्या वाटेवर जाऊन उभी, गुडघा काय म्हणतो ते न ऐकता. शनिवारी मला राहवेना. मी कागद घेतला. चष्मा लावला नाही, म्हणजे मी काय लिहिते आहे ते माझं मला वाचता येऊ नये. आणि लिहिलं. आशिया नाही, अमेरिका नाही, म्हैससुद्धा नाही. एकच नाव लिहिलं, मतिल्दा. लिहून झाल्यावर मी बसूनच राहिले. इतकं सोपं होतं आणि मला चौदा वर्षं लागली.

आज सकाळी उजव्या हाताच्या पेटीत टाकलं. मग उपासना सुरू झाली, आणि अबूना मेलेल्यांच्या नावांशी आले, आणि पहिलंच नाव त्यांनी घेतलं ते मतिल्दा. आपल्या अख्ख्या गावात दुसरी मतिल्दा नाही. तुझी तार अबूनांना पहाटेच आली असणार आणि माझी तब्येत बघून कुणी मला सांगितलं नाही. पुढचं मला आठवत नाही. मला चार बायकांनी घरी आणलं.

लबीब, मी उशीर केला. मी सयामला पोचले, नॉर्वेला पोचले, आणि माझ्या भावाच्या घरी पोचले नाही. तिला फक्त माझ्या अक्षरातलं तिचं नाव हवं होतं आणि तेवढंही मी दिलं नाही, एका मडक्यासाठी. तिने मेथी घेतली का रे? तिला कळलं होतं का मी सांगितली म्हणून?

मी रडताना तिच्याबद्दल चांगलं सांगायला गेले, तर मला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. मग मी म्हटलं की ती फार नीटनेटकी होती, घाण दिसली की टाकून द्यायची. बायका त्यावर खूप रडल्या.

मोजे कुठं आहेत ते तिने तुला दाखवलं होतं, तेव्हा ते तरी घाल, थंडी पडते आहे. गावातून सगळ्यांनी तुला तारा केल्या आहेत. हाजींनीही केली. तुझ्या डोक्यावर हात ठेवते.

तुझी दुर्दैवी अक्का


अलेक्झांड्रिया, दवाखाना
७ नोव्हेंबर १९८५

ती. वन्सं यांस,

प्रभुवासी झालेल्या मतिल्दाचा सप्रेम सलाम. वि. वि. वर सर्व क्षेम आहे. जेवण बेताचंच मिळतं, आणि शेजारच्या खाटेवरची बाई घोरते, एवढीच तक्रार.

सोमवारी सकाळी मी खाटेवर बसून लसूण सोलत होते, कारण इथला स्वयंपाकी लसूण घालत नाही आणि मला ते पटत नाही. एवढ्यात डेपोतला शिपाई तिकडे आलेल्या तारांची थप्पी घेऊन आला. चौदा होत्या. हे खाली चहाला गेले होते, म्हणून मीच फोडल्या. पहिली वाचून मला वाईट वाटलं, कुणी बिचारी गेली म्हणून. तिसरी वाचल्यावर लक्षात आलं की ती मीच. हाजी मुतवल्लींची तार सगळ्यात सुंदर आहे, ती मी जपून ठेवणार. माझ्या आत्म्याला शांती मागून खाली त्यांनी लिहिलंय की म्हैसही आज चरली नाही.

हे वर आले आणि माझ्या हातात तारा पाहून रडायला लागले. मी समोर बसलेली असताना. डॉक्टरांनी त्यांना माझी नाडी धरायला लावली तेव्हा थांबले. मग धावत जाऊन तुम्हाला तार केली, ती पोचली असेल.

काल तुमचं पत्र आलं. वन्सं, ते मी चारदा वाचलं. तीनदा हसण्यासाठी वाचलं. चौथ्यांदा वाचताना मला हसू आलं नाही. माझं नाव तुमच्या हातून एकदाच उमटलं ते मेल्यावर, असं तुम्हाला वाटलं. तसं नाही. मी इथे आहे, टाके ओढतात, आणि ते नाव मला मिळालं. मी नीटनेटकी होते हे तुम्ही सांगितलंत तेही मिळालं. आणि मेथी न्हाव्याने सांगितली नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती कडू आहे. मी रोज घेतली.

मडक्याबद्दल मी चौदा वर्षं काही बोलले नाही आणि आताही बोलणार नाही. तुमचं पत्र वाचताना मडक्याशी आले तेव्हा तुमचे बंधू पांढरे पडले आणि टोपी शोधायला लागले. मी त्यांना खुर्चीत बसवलंय, हातात पेन दिलंय, आणि शाईची नवी दौत आणवली आहे. दाराशी नर्स उभी केली आहे.

लोभ आता सुरू झालाच आहे, तर तो मोडू नये.

आपली, अजून इथलीच,
मतिल्दा

(याच पाकिटात)

ती. अक्का,

सलाम. मडकं मी टाकलं.

त्या सकाळी मी आधी उठलो. घरभर मिशचा वास होता. मी झाकण काढलं, आत नेहमीच्या अळ्या होत्या. आपल्याला त्यांचं काय, पण मला वाटलं ही अलेक्झांड्रियाची मुलगी, उठल्यावर हिने हे पाहिलं तर दहाच्या गाडीने माहेरी जाईल. मी मडकं उचललं आणि कालव्यात रिकामं केलं. परत आलो तर तू ओरडत होतीस. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती पुढे झाली आणि म्हणाली की मीच टाकलं, मला वाटलं कुजलंय. तिला आत काय होतं तेही माहीत नव्हतं. माझ्या बाहीचा वास येत होता, त्यावरून तिने ओळखलं. मला वाटलं दोन दिवसांनी तुला सांगेन. मग दोन महिन्यांनी म्हटलं. मग इतकी वर्षं झाली की सांगायला लाज वाटायला लागली.

लोभ कर, असं मी कोणत्या तोंडाने लिहू. नर्स वाचते आहे.

लबीब


नज्लत बाखूम
हातूर महिन्याची ४ (१३ नोव्हेंबर)

चि. सौ. मतिल्दा हिस,

अनेक आशीर्वाद, मोजून चौदा वर्षांचे. वि. वि.

आधी गावातलं सांगते. मंगळवारी तुझ्या तिसऱ्या दिवसाची प्रार्थना म्हणायला अबूना घरी आले. सगळे उभे होते. मी मध्येच रडत म्हटलं की तार तुमच्याकडे आली ती मला तरी दाखवा. ते म्हणाले, कसली तार, तूच तर चिठ्ठी टाकलीस. मी म्हटलं, मी जिवंतांच्या पेटीत टाकली. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, माझंच अक्षर. सगळ्यांनी जादल्लाहकडे पाहिलं. तेव्हा तो बोलला की शनिवारी त्याने दोन्ही पेट्यांना हिरवा रंग दिला, आणि वाळल्यावर मांडताना उजवीची डावीकडे गेली असेल. मी चाळीस वर्षं पेटीकडे न बघता उजवा हात पुढे करते. त्याच वेळी टपालवाला तार घेऊन आला: मतिल्दा जिवंत, लसूण सोलते आहे. अबूनांना ऐकू आलं नाही, ते प्रार्थना पुढे म्हणतच होते. त्यांना थांबवायला हाजींना त्यांच्या कानात ओरडावं लागलं की पोरगी उठली. पहिल्यांदा त्यांना ते पुनरुत्थान वाटलं, आणि ते गुडघ्यांवर बसले.

मग बायकांनी तीच कॉफी साखर घालून परत प्यायली.

त्या तीन दिवसांत फहीमाने मला जेवू घातलं. भाकरीबरोबर तिने वाटीत मिश आणलं होतं. मी एक घास घेतला आणि घास तोंडातच राहिला. चव आईची होती. विचारलं, तर म्हणाली की आईच्याच हयातीत तिने आमच्या मडक्यातून वाटीभर विरजण नेलं होतं, आणि तेव्हापासून ते तिच्याकडे चालू आहे. मला माहीत असेल असं तिला वाटलं. म्हणजे आईचं मडकं ही सगळी वर्षं कुंपणापलीकडे जिवंत होतं, आणि मी तुझं नाव मारून बसले होते.

तुझं आणि लबीबचं पत्र आलं तेव्हा मी एकटीच होते, ते बरं झालं. मुली, दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेणं म्हणजे काय, हे मी जन्मभर चर्चमध्ये खांबाशी बसून ऐकत आले. जगभर सांगायला निघाले होते. आणि तू ते करून चौदा वर्षं गप्प बसलीस, माझ्याच भावाच्या घरात. तुझ्या तोंडावर मला हे सांगता येणार नाही, मला रडू येईल, म्हणून लिहिते. माझं चुकलं. मला क्षमा कर.

फहीमाकडून वाटीभर विरजण आणून मी नवीन मडकं लावलं आहे. टाके निघाले की या. नाताळचा उपास पंचवीस तारखेला सुरू होतो, मग दुधातुपाचं बंद, म्हणून त्याच्या आधी या, म्हणजे चव घेता येईल. अळ्या असतील. तू डोळे मीट. आणि ती खड्यांची बरणी आण, सगळं गाव मोजायला तयार आहे.

अबूनांनी माझी पाच नावं तशीच ठेवली आहेत. आता पहिलं नाव तुझं असतं. दुसरं ऑस्ट्रेलिया. लबीबची चिठ्ठीही मी लिहून तयार ठेवली आहे. ती कुठल्या पेटीत टाकायची ते मात्र तू आल्यावर तूच ठरव.

लोभ कर, आणि त्याला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

तुझी,
इन्साफ वन्सं